बारा बाप, पोर एकही नाही

लग्नाआधी कराडला मी सहा वर्षं बालवाडी चालवली. दर पालकसभेत घसा खरवडून एकच गोष्ट सांगायची, मुलांना टीव्हीपुढे बसवू नका. मग नवऱ्याबरोबर दोह्याला आले आणि नोकरी लागली ती टीव्ही चॅनेलमध्येच.

चॅनेल सरकारी. त्यात लहान मुलांचा एक चिमुकला विभाग, आणि त्या विभागाला एका फाउंडेशनची ग्रँट. ग्रँटची अट अशी की नुसता कार्यक्रम बनवून भागणार नाही. मुलाशेजारी बसून तो कसा बघायचा, बघताना त्याच्याशी काय बोलायचं, हे आईवडिलांना जाऊन शिकवायचं. ते शिकवणारी बाई मी.

पहिलं वर्ष सुखात गेलं. आमच्या फरीज बिन ओमरानमधल्या बिल्डिंगा झाल्या, मदिनत खलीफातले व्हिला झाले. सगळीकडे आया भेटल्या आणि चहा मिळाला. माझ्या स्वतःच्या घरात तेवढी माझी डाळ शिजत नव्हती. कार्यक्रम लागला की माझा चार वर्षांचा मुलगा स्वयंपाकघराकडे बघून ओरडायचा, "आई, यू आर नॉट वॉचिंग, यू आर कुकिंग!" खोटं नव्हतं ते.

दुसऱ्या वर्षीच्या पत्रात एक नवीन ओळ आली. वडिलांचा सहभाग हवा, किमान बारा वडील. आमची बॉस सुदानची, तिला सगळे मॅडमच म्हणायचे. तिनं पत्र माझ्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, "यल्ला, चल, बाप शोध."

आई शोधावी लागत नाही, ती दार उघडते. बाप शोधावा लागतो. कुणी कामावर, कुणी झोपलेला, कुणी बेल वाजली की आतून "तूच बोल गं" म्हणणारा. तीन आठवड्यांत एक बाप हाती लागला. तो मुलीला मांडीवर घेऊन टीव्हीपुढे बसला आणि पाचव्या मिनिटाला घोरायला लागला. मुलगी त्याच्या मिशा मोजत बसली. मोजणी शिकवणं हाच आमचा उद्देश होता, पण हे काही फॉर्मवर लिहिता येईना.

मी घरी रडगाणं गायले तेव्हा नवरा म्हणाला, "बाप हवेत ना? मग बरवा अल बराहाच्या कामगार वसाहतीत जा. आमच्या कंपनीची माणसं राहतात तिथे. बापच बाप आहेत."

"अहो, पण त्यांची मुलं गावाकडे!"

"मुलं इथलीच हवीत असं लिहिलंय का?"

मी पत्र पुन्हा वाचलं. खरंच कुठे लिहिलं नव्हतं.

परवानगीला दोन आठवडे लागले. मग एका शुक्रवारी दुपारी तीनला, म्हणजे गावाकडे साडेपाच वाजता, नवरा आणि मी तिथल्या टीव्हीच्या हॉलमध्ये जाऊन उभे राहिलो. हॉल खच्चून भरलेला. मला क्षणभर धन्य वाटलं. मग कळलं, नोटीस नीट न वाचता सगळे क्रिकेटची मॅच आहे समजून आले होते. मॅच नाही म्हटल्यावर बहुतेक उठले. उरले चौदा, त्यातल्या दोघांची लग्नं व्हायची होती. राहिले बारा. मनातल्या मनात मी नारळ फोडला.

पुढच्या रांगेत माण तालुक्यातला एक क्रेनवाला होता. आडवा देह, भरघोस मिशी. त्यानं हात वर करून विचारलं, "ताई, पोरगी म्हसवडला, टीव्ही हितं. दाखवायचं कसं?"

"व्हिडिओ कॉल लावा आणि फोन टीव्हीकडे धरा."

बाराजणांनी कॉल लावले आणि आरतीची ताटं धरावी तसे फोन टीव्हीपुढे धरले. पडद्यावर आमचं कापडी बाहुलं आलं. ओरिक्सचं पिल्लू, म्हणजे इथल्या वाळवंटातलं पांढरं, लांब सरळ शिंगांचं हरिण. ते समुद्रकाठी बसून शिंपले मोजत होतं. आणि बाराही फोनमधून एकदम कालवा सुरू झाला.

"बाबा, तुम्ही कुठं गेला?"

"बाबा, तोंड दाखवा!"

पिल्लाचं कुणाला काही पडलं नव्हतं. पोरांना बाप बघायचा होता. क्रेनवाल्यानंच युक्ती काढली. तो टीव्हीकडे पाठ करून बसला आणि फोन असा धरला की अर्ध्या चित्रात त्याची मिशी आणि खांद्यामागे टीव्ही. बघता बघता बाराही जण फिरले. मी इतकी वर्षं शिकवतेय, पण टीव्हीकडे पाठ करून टीव्ही बघणारे पहिल्यांदाच पाहिले.

अर्थात गावाकडे धड काही दिसेना. क्रेनवाल्याच्या पाच वर्षांच्या पोरीनं विचारलं, "मागं पांढरं काय हलतंय?" त्यानं मान वळवून बघितलं आणि ठोकून दिलं, "शेळी हाय."

"ती काय करतीय?"

"शिंपलं मोजतीया."

"शेळी कशाला शिंपलं मोजंल?"

"रिकामी हाय म्हणून."

कार्यक्रम अरबीत. पिल्लू म्हणालं, "वाहिद, इथनेन, थलाथा." हा म्हणाला, "एक, दोन, तीन." पोरगी म्हणाली, "ती तर येगळंच बोलली." मग त्यानं तिला अरबी आकडे शिकवले, तिनं त्याला दोनदा चुकीचं ठरवलं, आणि शेवटी अडून बसली, "बाबा, शेळीची शिंगं अशी सरळ नसत्यात. आपल्या घरी दोन हायत, मी रोज बघती."

हॉलभर हेच चाललं होतं. चित्र दिसत नव्हतं म्हणून बाप सांगत होते, बाप थापा मारत होते म्हणून पोरं विचारत होती. मदिनत खलीफाच्या व्हिलात भिंतीएवढ्या टीव्हीपुढे दोन वाक्यं बोलायला मी आयांच्या विनवण्या करायची. इथे मला फक्त गप्प राहायचं होतं.

दर शुक्रवारी हे सुरू राहिलं. महिनाभरानं फाउंडेशनची लेबनीज बाई पाहणीला आली. हातात फॉर्म. ती क्रेनवाल्याशेजारी बसली आणि मला इंग्रजीत म्हणाली, "इथे विचारलंय, मूल कुठे बसलं आहे?"

मी म्हटलं, "म्हसवडला."

तिनं पेन खाली ठेवलं. तेवढ्यात फोनमधून आवाज आला, "बाबा, ही कोण?"

"ह्या मॅडम. परीक्षा घ्यायला आल्यात."

पोरगी परीक्षेला भ्याली नाही. "मग त्यांनाच इचारा, ती शेळी हाय का न्हाय."

मी भाषांतर केलं. बाईनं क्रेनवाल्याकडे पाहिलं, पोरीकडे पाहिलं आणि गंभीरपणे निकाल दिला की शेळी नाही, पण शेळीची लांबची बहीण म्हणता येईल. मी ते मराठीत सांगताच पोरगी उड्या मारायला लागली. क्रेनवाला मिशीवर हात फिरवत म्हणाला, "म्हंजी निम्मं माझंबी बरूबरच की." पुढचा अर्धा तास बाई फोनमध्ये डोकं घालून शिंपले मोजत होती. फॉर्म खुर्चीखाली पडला होता, तो मी निघताना उचलून दिला.

म्हसवडचं मूल चालेल का, याचं उत्तर पुढच्या महिन्यात आलं. फाउंडेशनचा नियम पक्का होता. कतारबाहेरची मुलं मोजता येणार नाहीत, मात्र वडील कतारमध्ये राहतात, ते मोजता येतील. तसा अहवाल तयार झाला. सहभागी वडील बारा, मुलं शून्य. मॅडम तो वाचून इतकी हसली की तिच्या डोळ्यांतलं काजळ पसरलं. "बारा बाप आणि पोर एकही नाही! अहवाल आहे की चमत्कार?" मला हसू आलंच, पण रागही आला. त्या पोरीनं शिंगांवरून बापाला कोंडीत पकडलं होतं आणि कागदावर ती नव्हतीच. मी तसं बोलले. मॅडमनं डोळे पुसले आणि अहवालाच्या शेवटी, कुणी विचारलं नसताना, एक पानभर मजकूर स्वतः लिहून जोडला. त्यात म्हसवडचं नाव होतं, स्पेलिंग चुकलेलं.

ग्रँट मिळाली. त्या पानामुळे की बारा बापांमुळे, देव जाणे. इन्शाल्ला अजून एक वर्ष तरी चालेल.

क्रेनवाला सध्या रजेवर गावी गेलाय. गेल्या शुक्रवारी त्याच्या खुर्चीजवळ एक नवा प्लंबर येऊन उभा राहिला. वर्ध्याकडचा, बुजरा. म्हणाला, "मॅडम, माझा पोरगा आठ महिन्यांचा आहे. तो फोन नुसता चाटतो जी. मी बसलो तर चालेल काय?"

आमच्या फॉर्मात मुलाचं वय तीन वर्षांपासून सुरू होतं. मी त्याला खुर्ची पुढे ओढून दिली.