धोबी आला, गोधड्या काढा

मंडळी, आज सकाळी आमच्या मुलुंडच्या सोसायटीत गाड्या धुतल्यावर साचलेल्या पाण्यात एक धोबी पक्षी शेपटी खालीवर आपटत फिरत होता. मी तश्शीच वर गेले आणि माळ्यावरून गोधड्या काढल्या.

नवरा म्हणाला, "अगं, घरात पंखा चारवर आहे!"

त्याला काय सांगू? सत्तर सालाच्या आसपास आम्ही भांडुपला चाळीत राहायचो. चिमण्या, साळुंक्या वर्षभर दारात असायच्या. धोबी मात्र थंडीचा पाहुणा. तो नळाजवळ दिसला की आई लगेच गोधड्या उन्हात घालायची. बाबा म्हणायचे, "अगं, कॅलेंडर तरी बघ." आई म्हणायची, "कॅलेंडरला थंडी वाजते का?"

आज मीही गच्चीवर गोधड्या मस्त तापवल्या. नवरा हसतच होता. संध्याकाळी चहा घेऊन खोलीत गेले, तर पंखा चारवरच आणि साहेब गोधडीत मानेपर्यंत गुरफटून पडलेले!

"काय हो, उकडत होतं ना?"

गोधडीतून आवाज आला, "पंखा बंद कर गं."

तुमच्याकडे थंडीची वर्दी कोण देतं? कॅलेंडर सोडून कुणाचंही नाव चालेल.