हे कोणत्या काळात टाकू?

युसूफ सर गेल्याचं मला दूधवाल्याने सांगितलं. अकोल्याच्या जुन्या शहरात चाळीस वर्षं आमची घरं एकाच गल्लीत, तरी बातमी दूधवाल्याकडून. मी रडले नाही. दूध तापवलं, गॅस बंद केला आणि त्यांच्या घरी गेले.

सर शाळेत इतिहास शिकवायचे. निवृत्त झाल्यावर वऱ्हाडाच्या आधुनिक काळावर पुस्तक लिहायला बसले. मी चौथी शिकलेली, पण लिहिलेलं मलाच वाचून दाखवत. सांगत, युरोपात कोणी हा काळ छापखान्यापासून धरतात, कोणी क्रांतीपासून. त्यांनी स्वतः वऱ्हाडापुरता रेल्वेपासून धरला होता. मी म्हटलं, "रेल्वे आल्यावरबी माही माय जात्यावरच दळे. चक्की आली तवा आमचा काळ बदलला."

"तुमी परीक्षक असत्या तर मी नापासच होतो, ताई," म्हणाले आणि खूप हसले. पण पुढच्याच आठवड्यात वही घेऊन खेडोपाडी निघाले, म्हाताऱ्यांना चक्की कधी आली ते विचारत.

शेतकरी जीव देत होते ती वर्षं. वही घेऊन माणूस दारात आला, की तो मरणाची चौकशी करायलाच आला असं लोक धरत. चांदूर बाजारकडच्या एका गावाहून सर परतले आणि आमच्या ओट्यावर बसले. चहाला हात लावला नाही. एका बाईने वही पाहून दारातूनच सांगितलं होतं, "आमच्या घरचं कोणी नाई मेलं, भाऊ. समोरच्या घरी जा."

"ताई, हे कोणत्या काळात टाकू?"

मी डाळ निवडत होते. मान वर न करता बोलले, "आधुनिकच काळात टाका. आधी वही घेऊन कोण येत होतं?"

सर उठून गेले... त्यानंतर त्यांनी मला एकही पान वाचून दाखवलं नाही. पुस्तक शेवटच्या प्रकरणावर अडलं होतं, हे मला ठाऊक होतं. दोन वर्षं. जाऊन विचारायला मला कोणी अडवलं नव्हतं.

चाळिसाव्या दिवसाचे विधी झाल्यावर त्यांच्या बायकोने, जुबेदाने, टेबल आवरायला बोलावलं. पुस्तकाच्या वहीत शेवटच्या पानावर मथळा होता, 'आधुनिक काळाचा शेवट'. खाली काही नाही.

"रोज बसत," जुबेदा म्हणाली. "पट्टीनं रेघ मारत, इथं संपला म्हणत. मंग रबरानं खोडून टाकत."

खोडून खोडून कागद पातळ झालेला, एका जागी फाटलेला. जुबेदाने पेन्सिल पुढे केली. "तुमीच मारा आता, आपा."

मी पेन्सिल घेतली, पट्टी लावली. मग पट्टी उचलली आणि पेन्सिल आत ठेवून वही मिटली.

टेबल आम्ही आवरलं नाही.