मारुतीपुढील वा...

मामा गेल्याचं कळलं तेव्हा मी अमरावतीला ओसरीवर बसून मटकी निवडत होते. मामेभाऊ बडनेऱ्याला गाडीतून उतरला आणि तडक घरी आला. दारातूनच म्हणाला, "ताई, बाबा गेले." मी उठले नाही, रडलेही नाही. मटकी निवडतच राहिले... आता महिना होऊन गेला, तरी तो मटकीचा डबा उघडवत नाही.

मामा अकोल्याजवळच्या खेड्यात राहत. त्यांच्याकडे एक सनद होती. जुन्या राजवटीत कुण्या पूर्वजाला नाल्याकाठचं वावर इनाम मिळालं, त्याचा हा मोडी कागद. उन्हाळ्याच्या सुटीत आम्ही गेलो की दुपारी मामा सनदेवरचं लाल फडकं सोडत, कसर लागू नये म्हणून ठेवलेल्या वेखंडाचा वास घरभर पसरे आणि ते संथ सुरात वाचू लागत, "पूर्वेस चिंच, पश्चिमेस नाला... चंद्रसूर्य असेतोवर खावी." चंद्रसूर्यापाशी ते हमखास थांबत, डोळे मिटत. मला वाटे, आता ते त्या राजाच्या छावणीत जाऊन बसलेत. मी विचारी, "मामा, जमीन कशी खातात?" ते डोळे न उघडता म्हणत, "सकायी भाकर खाल्ली नं तुनं? तेच ते."

जमीन कशासाठी दिली, नेमक्या त्या ओळीत कसरीनं एक अक्षर खाल्लं होतं. 'मारुतीपुढील वा', मग भोक, मग 'स इनाम'. वातीस असेल, तर मारुतीपुढे दिवा लावायचा. वाटेस असेल, तर मारुतीच्या पुढे जी वाट नाल्यात उतरते, तिच्यावर उजेड करायचा. मामांनी हा घोळ आपल्या परीनं मिटवला होता. दिवेलागणीला ते मारुतीपुढे वात लावत आणि तसेच पुढे जाऊन नाल्याकाठच्या निंबाला कंदील टांगत. कापसाच्या गाड्या त्या उजेडानं उतरत.

मग इनामं खालसा करायचा कायदा आला. वकील म्हणाले, देवाचं इनाम ठरलं तर वावर वाचेल. वाटेचं ठरलं तर जाईल. मामीनं मामांना बजावलं, "वात म्हना."

"तिथं भोक आहे."

"मंग भोकातून वातच दिसते म्हना नं!"

चौकशीच्या दिवशी मी मामीसोबत कचेरीच्या पायरीवर बसले होते. आतून साहेबांनी विचारलं, इथे काय वाचता? कागद उलगडल्याचा आवाज आला. मग मामा म्हणाले, "साहेब, मले तं वाट दिसते."

वावर गेलं. उतारवयात मामा अकोल्याला कापसाच्या जिनात दिवाणजी झाले, रोज येऊन-जाऊन. मामीनं त्यांना टाकून बोलणं सोडलं नाही. जेवायला बसले की मला म्हणे, "वाटवाल्यायले वाढ." मलाही राग होता. खरं सांगायचं तर आजही थोडा आहे. एकदा धीर करून विचारलं, "मामा, काहून म्हटलं असं?" ते हसले. "मारुतीले अंधारात दिसते बाई. गाडीवाल्याले नाई दिसत." वावर दुसऱ्याचं झालं, तरी त्यांचा कंदील रोज निंबावर चढे. मामीनं त्याला कधी बोट लावलं नाही. काच काजळली तरी पुसली नाही.

परवा मामीला भेटायला गेले. दिवस कलला तशी ती उठली, कंदिलाची काच राखेनं लख्ख घासली, रॉकेल भरलं आणि निघाली. मी मागोमाग. मारुतीवरून नाल्याकडे गेलो. पलीकडेच मसणवटा. निंबाच्या फांदीला तिचा हात पुरेना, तरी मला टांगू देईना. चवड्यांवर उभी राहून तिनंच टांगला.

"मामी," मी म्हटलं, "आता तर वावरही नाही आपलं... कशाला?"

ती उजेडाकडे बघत होती.

"ते याच वाटेनं गेले," ती म्हणाली, "अन् कंदील तं घरीच रायला."