दर्यापूर ते टोरांटो, मधात थांबा नाही

तुरीच्या शेंगा सोलायले चार बाया ओट्यावर बसल्या, की टोपलीत दाणे कमी अन् किस्सेच जास्त जमतात. यंदाच्या शेंगांतून तर आमच्या गंगाचं विमानच निघालं म्हणा ना! गंगा म्हणजे माझी शेजारीण, बाजारात भाजी विकते. तिची लेक सुनीता टोरांटोले असते. पहिलं बाळंतपण. फोनवर रडून म्हणे, "माय, तू आल्याबिगर मी दवाखान्यात जात नाही!"

अकोल्याच्या पुढं कधी न गेलेली गंगा निघाली.

*

माझ्या नातीनं, पिंकीनं मोबाईलात पाहून सांगितलं, "दिल्लीहून साडेअकरा हजार किलोमीटर."

"दर्यापूर-अकोल्याच्या हिशोबात सांग," गंगा म्हणे.

"अडीचशेच्या वर फेऱ्या होतात, आजी."

"माय वं! एका फेरीत माहं कंबरडं मोडते. टोरांटोले मी पोचन, का नुसती पिशवी?"

*

शेंगा सोलणाऱ्या विमलबाईले भलतीच चिंता. "सोळा तास! मधात चहाले मूर्तिजापूरसारखा थांबा असन ना?"

"नाही आजी, थेट जाते," पिंकी म्हणाली.

"मंग बाईमाणसानं जावं कुठं?"

"विमानातच सोय असते."

विमलनं हळूच आभाळाकडं पाहिलं, अन् पापडाची खाट ओढून छपराखाली नेली!

*

गंगाचा पोरगा तिले दिल्लीपर्यंत सोडायले गेला. गंगा विमानात बसली न बसली, तं जावयाचा फोन. "आई, कळा सुरू झाल्या!"

इकडं गंगाच्या बाजूच्या दोन सीटा रिकाम्या. आपल्याकडची काळीपिवळी जीप भरल्याशिवाय सुटते काय? गंगा मागच्या लोकांले हात करकरून बोलवायले लागली, "या ना बाप्पा इकडं! सरकून घेतो, चौघं बसू! पोरगी अडली आहे माही!"

हवाईसुंदरी धावत आली. "आजी, सीटा रिकाम्या असल्या तरी विमान वेळेवर सुटतं."

गंगा म्हणे, "मंग मालकाले परवडते कसं?"

*

दुपारी एकले दिल्लीत बसली. उतरली तं तिथल्या घड्याळात त्याच दिवशीचे सायंकाळचे साडेसहा! तसा तिनं तिथूनच मले फोन केला.

ओट्यावर मी हे सांगितलं, तं विमलनं बोटांवर मोजून पाहिलं. "साडेपाच तास? अमरावतीहून पुण्याले जायले याच्या दुप्पट लागते!"

पिंकी समजावायले लागली, की तिकडची घड्याळं साडेदहा तास मागं असतात. विमल ऐकते थोडीच!

"या पोरीले काहून विचारत बसलो आपण? शाळेत घातली, पण साधी वजाबाकी येत नाही!"

*

जावयानं गंगाले विमानतळावरून थेट दवाखान्यात नेली. सतरा-अठरा तास कळा देऊन सुनीता पार गळली होती. माय दिसली तसा तिनं हात घट्ट धरला. अर्ध्या घंट्यात पोरगी झाली.

दुसऱ्या दिवशी व्हिडिओ कॉल आला. शेंगा तशाच टाकून आम्ही साऱ्या फोनवर वाकलो. गंगा बसलेली, अंगावर प्रवासातलंच लुगडं, मांडीवर नात.

विमल ओरडली, "गंगे, एवढ्या दुरून गेली, थकली असशीन वं?"

गंगानं फोनकडं पाहिलंच नाही. नातीचं टोपडं सारखं करत म्हणाली, "मी काय थकन वं! माह्यापेक्षा तं ही दुरून आली."