तुटक्या पाकळीचा कारागीर

ग्रंथालयात तिला सगळे पाकळीबाई म्हणत. तोंडावर नाही, जिन्यावर, झेरॉक्सच्या खोलीत, चहाच्या मशीनपाशी. तिला ते ठाऊक होतं आणि त्याचं काही वाटत नव्हतं. वाटायचं ते एवढंच, की ही पाकळी म्हणजे नेमकं काय हे त्यातल्या एकानेही कधी विचारलं नाही.

जुन्या फ्रेंच पुस्तकांच्या चामडी बांधणीवर सोन्याची नक्षी असते. कारागीर पितळेचा छोटा ठसा तापवतो, चामड्यावर सोन्याचा वर्ख ठेवतो आणि ठसा दाबतो. एक फूल उमटतं. अशी फुलं, वेली, टिंबं जोडत जोडत कव्हरभर झालर तयार होते. सही करणारे बांधणीकार विरळाच. मग पुस्तक कुणी बांधलं हे ओळखायचं कसं, तर ठशांवरून. ठसे हाताने कोरलेले, त्यामुळे प्रत्येकात काही ना काही खोट राहते. तीच खोट दोन पुस्तकांवर दिसली, तर दोन्ही एकाच कारखान्यातली म्हणता येतात.

तिला सापडलेली खोट म्हणजे डाळिंबाच्या फुलाची डावी पाकळी, टोकाशी टवका उडालेली. आधी एका प्रार्थनापुस्तकावर दिसली, मग एका प्रवासवर्णनावर, मग नाटकांच्या संचाच्या पहिल्या खंडावर. फुलावर पातळ कागद ठेवायचा, मऊ पेन्सिल घासून छाप घ्यायची आणि छापा भिंगाखाली ताडून बघायच्या. यात तिची उमेदीची वर्षं गेली आणि मान कायमची आखडली. अखेर तिने त्या अज्ञात माणसाला नाव दिलं, 'तुटक्या पाकळीचा कारागीर'. ग्रंथालयाच्या फ्रेंच संग्रहाच्या नव्या सूचीत त्याच्यावर स्वतंत्र प्रकरण होतं आणि त्याखाली तिचं नाव. आधीच्या सूचींमधली निम्मी टिपणं तिचीच होती, पण त्यांखाली ग्रंथालयाच्या प्रमुखांचं नाव असे. या वेळी तिने भांडून स्वतःचं नाव घालून घेतलं होतं.

प्रकरणाची प्रुफं टेबलावर पडलेली असताना फोन आला. दुसऱ्या शहरातल्या एका संग्रहाची संग्रहपाल बोलत होती. नाटकांच्या त्याच संचाचा दुसरा खंड त्यांच्याकडे होता.

"बाई, तुम्ही पाठवलेलं प्रकरण वाचलं. छानच आहे. फक्त एक विचारू? आमच्या खंडावर नक्षी हुबेहूब तीच आहे, पण पाकळी कुठेच तुटलेली नाही."

"नीट पाहिलंत?"

"सगळी फुलं पाहिली."

"पुसट असतील."

"पुसट आहेतच. पण पाकळी शाबूत आहे."

तिने फोन ठेवला आणि तणतणत पहिला खंड काढला. लोकांना बघता येत नाही आणि वर फोन करतात. भिंग लावून ती कव्हराच्या मधल्या फुलांवर आली. सोनं झिजलेलं, रेषा पुसट. पाकळी मात्र अखंड. शेजारचं फूल पाहिलं, तेही अखंड. तुटकी पाकळी होती ती फक्त कोपऱ्यांवर. मग तिने त्या कारागिराच्या नावावर घातलेली सगळी पुस्तकं कपाटातून काढून टेबलावर मांडली. सगळीकडे तेच. कोपऱ्यांवर तुटकी, मध्ये शाबूत. आणि मधली फुलंसुद्धा प्रत्येक पुस्तकावर वेगळी, कुठे देठ आखूड, कुठे बी जास्त. एक कारखाना नव्हताच. चार-पाच होते.

घोळ कसा झाला हे तिला लगेच कळलं आणि म्हणूनच तळपायाची आग मस्तकात गेली. छाप तिने दर वेळी सगळ्यात ठळक फुलाची घेतली होती. पुस्तकाचे कोपरे आधी झिजतात. तिथलंच फूल सगळ्यात ठळक असेल, तर ते नंतर कुणीतरी उमटवलेलं असणार, हे शेंबडं पोरही सांगेल. ठळक छाप घ्यायची ही शिकवण मामाची. मामा याच ग्रंथालयात बांधणीकार होता. नोकरी लागली तेव्हा त्यानेच तिला पेन्सिल कशी धरायची ते दाखवलं होतं, आणि निवृत्त झाल्यापासून तो तिच्याच घरी राहत होता.

घरी पोचली तेव्हा मामा खिडकीशी बसून शर्टाला बटण लावत होता. वय झालं होतं, पण हात अजून कापत नव्हता.

"मामा, फ्रेंच पुस्तकांचे कोपरे तू केलेस?"

"चप्पल तरी काढ."

"डाळिंबाचं फूल. केलेस का?"

"केले की. तळघरात पाणी शिरलं होतं, सगळे कोपरे कुजले. नवीन चामडं लावलं, वर नक्षी जुळवून दिली."

"ठसा कुठून आणलास?"

"आणतो कुठून? कोरला. कपाटाची जुनी पितळी मूठ होती, तिचा. सगळीकडे थोडीफार सारखीच फुलं होती, एकात भागवलं."

"आणि पाकळी?"

"कानस सटकली." त्याने सुई बटणातून पलीकडे काढली. "दुसरा तुकडा नव्हता. म्हटलं, एवढं बघायला कोण बसतंय."

"मी बसले, मामा! मी बसले ना!"

तिने पर्स खुर्चीवर आदळली.

"इतकी वर्षं जेवताना माझी तीच टकळी चालू आहे. तुटकी पाकळी, तुटकी पाकळी. तुझ्या कानावर पडत नव्हतं?"

"पडायचं की."

"मग तोंडाला कुलूप लावलं होतंस?"

"मला काय माहीत, तुझी पाकळी कुठली. असेल म्हटलं कुणी फ्रेंच."

"खोटं बोलू नकोस."

मामाने दोरा दाताने तोडला. "तू म्हणायचीस, काय हात आहे या माणसाचा, एक रेघ हलत नाही. ऐकायला बरं वाटायचं. कामावर असताना कोणी बोललं नाही. दुरुस्ती दिसली नाही तरच चांगली, मग कौतुक कशाचं करणार? एकदा सांगायचं मनात आलं होतं. पण तेव्हा तू त्याचं बारसं करून मोकळी झाली होतीस."

ओरडावं तर समोर म्हातारा माणूस, आणि गप्प बसावं तर डोकं फुटेल. ती स्वयंपाकघरात गेली आणि घासलेलं पातेलं पुन्हा घासत बसली.

दुसऱ्या दिवशी प्रमुखांनी ऐकून घेतलं आणि घड्याळाकडे पाहिलं.

"छपाई सुरू व्हायचीय, बाई. असं करा, वाक्यावाक्यात एक 'बहुधा' घाला."

"बहुधा नाही, सर. कारागीर अस्तित्वातच नाही."

"अहो, एवढं बघायला कोण बसतंय?"

"हे वाक्य एकदा बोलून झालंय, सर. त्याचाच हा सगळा घोळ आहे."

प्रमुखांना ते कळलं नाही आणि तिने समजावलंही नाही. प्रकरण तिने स्वतःच्या हाताने मागे घेतलं. पानं रिकामी राहू नयेत म्हणून तिथे वाचनकक्षाची छायाचित्रं आली. चहाच्या मशीनपाशी दोन दिवस पाकळी गळल्याचा विनोद चालला. दुरुस्त्यांच्या टिपणांत, बारीक अक्षरात, एक परिच्छेद मात्र तिने घालायला लावला: अमुक पुस्तकांच्या कोपऱ्यांवरची फुलं मूळची नाहीत, ती ग्रंथालयाच्या बांधणीकाराने उमटवली आहेत. पुढे मामाचं पूर्ण नाव आणि एका फुलाची छाप. तिचं नाव सूचीत कुठेच नव्हतं.

छापा घेण्याचं काम तिने पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, या वेळी पुसट फुलांच्या. कागद ठेवायचा, पेन्सिल घासायची, आणि कागदावर नुसता करडा ढग. दिवसभर राबून एखादं देठ हाती लागलं तरी पुष्कळ. निवृत्तीपर्यंत यातून दुसरा कारागीर उभा राहणार नाही, हे तिला दिसत होतं.

सूची छापून आली त्या दिवशी तिने एक प्रत घरी आणली आणि पान काढून मामाच्या मांडीवर ठेवली. मामाने तिचंच भिंग मागून घेतलं. नाव वाचलं. ओठ हलवत पुन्हा वाचलं. मग भिंग खाली फुलावर नेलं आणि बराच वेळ तिथेच धरलं.

"दुसऱ्या एखाद्या कोपऱ्याची छाप घ्यायची होतीस," तो म्हणाला. "हा जरा तिरका बसला होता."

तिने त्याच्या हातातून पुस्तक काढून घेतलं, मिटलं आणि जेवण निवतंय म्हणून सांगितलं.