पिक्चर ट्यूबच्या मानेतली चांदी

‘कट्’ असा आवाज आला आणि माझा हात जागच्या जागी थांबला. टेबलावर लाकडी शटरचा ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही होता, मागचं झाकण काढलेला. पिक्चर ट्यूबच्या मागच्या निमुळत्या काचेला आम्ही मान म्हणतो. आवाज तिथूनच आला होता.

“कांबळे, काय तुटलं?” गायकवाड सरांनी विचारलं.

“बघतो, सर.”

सर शाळेतून रिटायर झालेले विज्ञानशिक्षक. लोक जुने सेट भंगारात टाकत होते, तेव्हापासून ते गोळा करतात. कन्नडच्या बाजारात भाजीला जायचे आणि जीपमध्ये टीव्ही घालून परत यायचे. लोक हसायचे. सेट बिघडला की चिकलठाण्यातल्या माझ्या दुकानात फोन, आणि मी त्यांच्या घरी हजर.

हा सेट मात्र अजून त्यांचा झाला नव्हता. तो खुलताबादच्या शमीमखालांचा. त्यांच्या शौहरनी हौसेनं घेतलेला. ते गेल्यापासून बंदच होता. सरांना द्यायला खाला तयार होत्या, पण आधी एकदा चालू झालेला बघायचा होता. त्यासाठी सकाळच्या एसटीनं आल्या होत्या आणि माझ्या मागंच खुर्चीवर बसल्या होत्या.

जुन्या सेटला एकदम पूर्ण करंट देत नाहीत. मी व्होल्टेज हळूहळू वाढवला. स्पीकर खरखरला, पण काच काळीच. मानेतली हीटरची तार पेटत नव्हती. म्हणून सेट बंद केला, ट्यूबमध्ये साठलेला करंट उतरवला आणि मानेवरचं सॉकेट ओढलं. ते चिकटून बसलं होतं. जरा पिळलं, तेवढ्यात हा आवाज.

मानेला तडा गेला की हवा आत शिरते आणि ट्यूब संपते. अशी ट्यूब आता कुठंच मिळत नाही. सर भिंतीला टेकले.

“बिगड गया क्या, भाई?” खालांनी शांतपणे विचारलं.

“देखता हूँ, खाला.”

मी बॅटरी मारली. मानेजवळ काचेला आतून चांदीसारखा डाग असतो. हवा शिरली तर तो दुधासारखा पांढरा होतो. मी खालून बघितलं, बाजूनं बघितलं. डाग लख्ख चांदीचा होता.

“सर, मान शाबूत आहे. सॉकेटचं प्लास्टिक तडकलंय फक्त.”

“नक्की ना?”

“व्हय, नक्की.”

सर मटकन खाली बसले आणि हसायला लागले. मी मानेच्या गंजलेल्या पिना घासल्या, दुसरं सॉकेट लावलं आणि सेट पुन्हा चालू केला. हीटर लाल झाला. काच उजळली आणि पडदाभर मुंग्या दिसायला लागल्या.

“आता या सेटवर कुठलं चॅनल लागत नाही, खाला,” सर ओशाळून म्हणाले.

“हमारे यहाँ तब भी यहीच दिखता था,” खाला म्हणाल्या. “वो छत पे चढ के अँटेना घुमाते, मैं नीचे से बोलती, आया, गया.”

पाच मिनिटं त्या मुंग्यांकडं बघत बसल्या. मग पदर सावरत उठल्या. “ले लो, सर. सँभाल के रखना.”

तेव्हापासून जुन्या ट्यूबचं सॉकेट काढायच्या आधी मी मालकाला चहा करायला आत पाठवतो.