झग्याआडची मावशी

प्राणिसंग्रहालयात सगळे तिला मावशी म्हणत. सख्खं म्हणावं असं मात्र जवळ कुणी नव्हतं. नवरा जाऊन नऊ वर्षं झालेली. लेक सासरहून रविवारी फोन करायची, तोही घाईघाईत, उभ्या उभ्या.

मावशीचं काम सारसांची पिल्लं वाढवण्याचं. रानात सारस बोटांवर मोजण्याइतके उरलेले, म्हणून अंडी इथं यंत्रात उबवायची आणि पिल्लं मोठी करून पाणथळीवर सोडायची. पिल्लाला माणसाचा लळा लागला की संपलं. मग ते रानात टिकत नाही. म्हणून अंगभर पांढरा झगा, तोंडावर जाळी, हातात सारसाच्या डोक्याची बाहुली. तिच्या चोचीनं भरवायचं, आणि तोंडातून चकार शब्द काढायचा नाही.

तीन वर्षांपूर्वी मावशीनं हा नियम मोडला होता. घरी ऐकायला भिंती, इथं निदान कान तरी होते. भाजी खारट झाली इथपासून सगळं ती त्या वर्षीच्या पिल्लाला हळूच सांगायची. सोडल्यावर चौथ्याच दिवशी ते एका शाळेच्या आवारात पोरांच्या मागं मागं हिंडताना सापडलं. परत आणलं ते कायमचं पिंजऱ्यात. प्राणिसंग्रहालयाच्या डॉक्टरांना कारण तिनं स्वतःच सांगितलं, आणि त्या पिंजऱ्याची वाट सोडली ती सोडलीच.

यंदाच्या पिल्लाजवळ ती सहा महिने मुकी राहिली. डॉक्टर चिडवायचे, झग्याबाहेर तरी बोला, नाहीतर दातखीळ बसेल.

आज परीक्षा होती. झग्याशिवाय कुंपणात जायचं; पिल्लू पळालं तर पाणथळ, जवळ आलं तर पिंजरा. डॉक्टरांनी तिलाच पाठवलं. तुमची चाल ओळखली नाही, तर ते दुसऱ्या कुणाच्या मागं जायचं नाही, म्हणाले.

मावशी आत गेली. पिल्लानं मान उंच करून तिच्याकडे पाहिलं. ती जागीच थबकली. पुढच्या क्षणी ते पंख झाडत, ओरडत तळ्यापलीकडे पळालं.

"पास झालं की हो तुमचं लेकरू," डॉक्टर म्हणाले.

"झालं," मावशी म्हणाली. "मेल्यानं ओळखसुद्धा दाखवली नाही."

घरी जाताना तिचे पाय आपोआप त्या जुन्या पिंजऱ्याकडे वळले. सारस पाठमोरा उभा होता.

"आज भाजी करपली बघ," ती हळूच म्हणाली.

सारस वळला आणि लांब ढांगा टाकत जाळीशी आला.